धर्म एकमेकांशी सुखाने नांदू शकतात का? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती, शिमगा, ईद, उरूस नाहीतर निवडणूक, काहीही जवळ आलं की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. मुंबईतले चाकरमानी विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, कधी कुणीतरी रागाने पण विचारतं. दरवेळी तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच नीट सगळं लिहून ठेवलंय.

थेट सांगा, हो की नाही?

हो, नांदू शकतात. पण आपोआप नाही. कुठलाच धर्म जन्मतः भांडखोर नसतो आणि कुठलाच नुसता नावाने शांत नसतो, त्याला तसं ठेवावं लागतं आणि ते काम माणसंच करतात. कुणाचा मान काय, पालखी कुठून जाणार, ढोल कुठे थांबवायचे, काही बिनसलं तर पहिलं कुणाच्या दारात जायचं, हे जिथे ठरलेलं असतं आणि सगळ्यांना माहीत असतं तिथे शेजार टिकतो. स्टेजवर "सगळे धर्म सारखेच" म्हणून हार घालून जाणाऱ्या पुढाऱ्यांच्या भाषणाने तो टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि खालची बरीच उत्तरं त्यावरच आहेत.

प्रत्येक धर्म म्हणतो आमचंच खरं. मग दुसऱ्याला कसा काय सहन करणार?

आपलं खरं मानणं आणि ते दुसऱ्याच्या गळी उतरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. मला माझी ग्रामदेवता जागृत वाटते, शेजारच्या काकांना अल्लाशिवाय कुणापुढे वाकणं मान्य नाही, दोघंही आपापल्या जागी पक्के आहोत आणि तरी एकाच बांधावरचं पाणी वाटून घेतो. त्यासाठी दोघांपैकी कुणालाच आपली श्रद्धा पातळ करावी लागत नाही.

आणि हा विचार आजचा नाहीये. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात चक्क हेच सांगितलंय की जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, म्हणून एकमेकांचं ऐकून घ्या. हा बारावा लेख गिरनारला वगैरे आहे, पण अशोकाच्या त्याच लेखमालेतल्या आठव्या लेखाचा तुकडा आपल्या कोकणात, नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. म्हणजे इथल्या बंदरावर उतरणाऱ्या माणसाला सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाचं धर्माबद्दलचं म्हणणं दगडावर वाचायला मिळत होतं.

कॅथलिक चर्चचं उदाहरण पण बघा. शतकानुशतकं दुसऱ्या धर्मांबद्दल कडक भूमिका होती, आणि २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिकृत जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही. ख्रिस्तावरचा विश्वास सोडला का त्यांनी? नाही सोडला. वागणूक बदलली. एवढी मोठी संस्था बदलू शकते तर धर्म बदलत नसतात असं म्हणायला जागा कुठे उरते.

पण ग्रंथातच हिंसा लिहिलीय त्याचं काय?

लिहिलीय, ते नाकारण्यात काही अर्थ नाही. बायबलच्या जुन्या करारात युद्धं आहेत, कुराणात लढाईच्या आयती आहेत, आपल्याकडे पण युद्ध आणि दंड भरपूर आहे. आणि त्याच कुराणात दुसऱ्या सूरेत २५६ वी आयत आहे की धर्मात जबरदस्ती नाही, त्याच बायबलमध्ये येशू ज्याला चांगला माणूस म्हणून दाखवतो तो त्याच्या लोकांना न पटणाऱ्या जमातीतला शोमरोनी आहे.

मग कुठली ओळ उचलायची हे कोण ठरवतं? वाचणारा ठरवतो, आणि वाचणाऱ्याला शिकवणारा ठरवतो. म्हणून गावात मौलवी कोण आहे, कीर्तनाला बुवा कोण बोलावलाय, चर्चमध्ये फादर काय बोलतात याला फार महत्त्व आहे, ग्रंथाच्या जाडीपेक्षा जास्त. आणि कधीकधी वाचून झाल्यावर नको म्हणावं लागतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ज्या ग्रंथाने माणसाला खालचं ठरवलं तो ग्रंथ नाकारणं हे सुद्धा धर्माला माणसात आणण्याचंच काम होतं, असं मी मानतो.

कोकणात हे खरंच कधी जमलं होतं का, का नुसत्या गोष्टी?

गोष्टी नाहीत, पुरावे आहेत. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्याच लोकांना हे माहीत नसतं.

अरब प्रवासी मसूदी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला होता, आपलं रेवदंड्याशेजारचं चौल. तेव्हा इथे शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसूदी लिहितो की चौलमध्ये हजारोंनी मुसलमान राहतात, आणि त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला आहे. म्हणजे हिंदू राजा, मुस्लिम व्यापारी, आणि त्यांच्यासाठी नीट लावून दिलेली व्यवस्था.

त्याहून भारी म्हणजे चिंचणीचा ताम्रपट. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी आहे, तिथे सापडला, सन ९२६ चा. त्यात राष्ट्रकूट राजाने संजाण प्रांतावर नेमलेल्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, संस्कृतात त्याचं नाव मधुमती, मूळ नाव मोहम्मद असणार असं अभ्यासक सांगतात. या माणसाने काय केलं तर नदी ओलांडायला फुकट होडी सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र काढलं जिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं, आणि त्याच्याच संमतीने देवी भगवतीच्या मठाला जमीन दिली गेली. अकराशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम अधिकाऱ्याच्या मान्यतेने देवीच्या मठाला जमीन मिळतेय आणि ते तांब्यावर कोरून ठेवलंय. अशी गोष्ट शाळेत कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं.

आणि मग बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, तिथून ही जमात वाढली. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, मराठी बोलणार, नऊवारी नेसणार, आणि तरी शनिवार पाळणार, मुलांची सुंता करणार. आपल्या किनाऱ्यावर राहून कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी काही खायचं नाही, फक्त खवले आणि पर असलेला मासा. विचार करा, कोकणात राहून कोळंबी नाही! आणि शेकडो वर्षं त्यांना कुणी "खावीच लागेल" म्हटलं नाही. नवस फेडायला मलिदा करतात त्यात पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा, फळं, ताट बघाल तर कुठल्याही कोकणी घरातलं वाटेल, त्यापुढची प्रार्थना मात्र हिब्रूत आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने. अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आजही आहे, त्या आळीचं नावच इस्रायल आळी.

बरीच मंडळी १९४८ नंतर इस्रायलला गेली. तिकडे गेल्यावर त्यांच्याच धर्माच्या काही गुरूंनी हे खरे ज्यू आहेत का, यांच्याशी लग्न लावायचं का असा घोळ घातला, आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. जे परक्या धर्माच्या शेजाऱ्यांनी कधी विचारलं नाही ते स्वतःच्या धर्मातल्यांनी विचारलं. इथे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू लोकांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

म्हणजे पूर्वी सगळं छान होतं आणि आता बिघडलं, असंच ना?

नाही. हा गैरसमज पण काढून टाकू.

चौल, वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्माची चौकशी करणारं कोर्ट होतं, मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं, आणि त्याचा जाच हिंदूंना, ज्यूंना, नव्याने ख्रिश्चन झालेल्यांना सगळ्यांनाच झाला. ते खोटं ठरवायची काही गरज नाही. पण त्याचा हिशोब आज रेवदंड्याजवळच्या कोर्लईच्या ख्रिस्ती बाईकडून मागायचा का? ती तिथे घरात तिची पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलते, बाजारात मराठीत मासळी विकते, तिचा त्या कोर्टाशी काय संबंध.

चिपळूणजवळच्या परशुरामाचं घ्या. तिथले साधू ब्रह्मेंद्रस्वामी, त्यांना जंजिऱ्याच्या सिद्दींकडून मान मिळत होता, देवस्थानाला मदत होत होती. आणि १७२७ मध्ये एका हत्तीच्या भानगडीवरून सिद्दी सात नावाचा सरदार बिथरला आणि त्याने तेच परशुरामाचं देऊळ लुटलं, मोडलं. सिद्दी तेच, इस्लाम तोच, देऊळ तेच. बदललं काय तर हत्ती आणि सत्तेचा अहंकार. इतिहासात धर्माच्या नावावर खपवलेली किती भांडणं मुळात जमीन, महसूल नाहीतर मानापमानाची निघतात ते एकदा शोधून बघा.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट महाडची. २० मार्च १९२७, चवदार तळं. त्या तळ्याचं पाणी मुसलमान भरू शकत होते, ख्रिश्चन भरू शकत होते, जनावरं पिऊ शकत होती, पण हिंदूच म्हणवले जाणारे दलित नाही. ते पाणी प्यायले तर मारहाण झाली आणि नंतर तळं "शुद्ध" केलं गेलं. दलितांच्या बाजूने मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. १९२७ च्याच डिसेंबरात, मनुस्मृती जाळली त्या परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा जागा दिली फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी. तेव्हा आम्ही परधर्माबद्दल किती सहिष्णू आहोत हे सांगणाऱ्याला मी आधी विचारतो की तुमच्या वाडीतल्या देवळात सगळ्या वाड्यांना सारखा मान आहे का.

मग धर्मच नको, सगळी कटकट मिटेल?

सोव्हिएत रशियाने तो पण प्रयोग केला. १९३१ मध्ये मॉस्कोतलं मोठं कॅथेड्रल सुरुंग लावून उडवलं, पाद्री तुरुंगात घातले, मारले. शांतता आली नाही. ज्यांना देव मानायचा नाही त्यांनी खुशाल मानू नये, तो त्यांचा हक्कच आहे, पण दुसऱ्याचा देव काढून घेणं ही पण जबरदस्तीच.

दर्ग्यात गेलो तर मी कमी हिंदू होतो का? पालखीला नारळ दिला तर आम्ही कमी मुसलमान?

हा प्रश्न दोन्हीकडून येतो आणि दोन्हीकडची पोरं खरंच गोंधळलेली असतात, म्हणून टिंगल न करता उत्तर देतो.

दापोली तालुक्यात केळशीला याकूतबाबांचा दर्गा आहे, शिवाजी महाराजांनी त्याला इनाम दिलेलं आहे. महाराज त्याने कमी हिंदू झाले असं म्हणायची कुणाची छाती आहे? रत्नागिरीजवळ हातिसला पीर बाबरशेखांचा उरूस हिंदू मुस्लिम मिळून करतात. आमच्याकडे शिमग्याला पालखी मोहल्ल्याच्या तोंडाशी येते, नमाजाची वेळ असेल तर ढोल खाली ठेवतात आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाणीबिणी पितात. तिथे एक म्हाताऱ्या चाची दरवर्षी ताटात नारळ आणि दहाची नोट घेऊन बाहेर येतात, देवाला हात लावत नाहीत, नमस्कार करत नाहीत, ताट गुरवाच्या हातात देतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा, तुझी ही लेक दरसाल मान देते, तिचा झिलगा परमुलखात दम्मामला हाय, त्याच्या पोटाला दे, त्याला सुखरूप आण", आणि सगळी वाडी एका आवाजात "व्हय म्हाराजा". चाची मान खाली घालून ऐकतात आणि आत जातात. त्यांनी त्यांचा धर्म सोडला नाही, गुरवाने त्याचा सोडला नाही.

पण हे पण सांगितलं पाहिजे की एखाद्याला हे पटत नसेल, कुणी म्हणेल माझ्या श्रद्धेत हे बसत नाही, मी ताट देणार नाही, तर त्यालाही तेवढाच मान द्या. सक्तीचा एकोपा हा एकोपा नव्हे. येऊ नका, प्रसाद घेऊ नका, चालेल, फक्त पालखीची वाट अडवू नका आणि पालखीवाल्यांनी पण त्याच्या दारात मुद्दाम वाजवत राहू नका.

राजापूरच्या शिमग्याचा व्हिडिओ बघितला ना? मग कसला एकोपा?

बघितला. मार्च २०२५ मधला, माडाच्या म्हणजे होळीच्या लांब खोडाच्या मिरवणुकीचा. मशिदीवर हल्ला झाला, दरवाजा तोडला असं म्हणून तो देशभर फिरला. पोलिसांनी खुलासा केला की होळीचा माड मशिदीच्या पायरीपर्यंत न्यायची तिथली जुनी प्रथा आहे, आणि त्याचवेळी झालेल्या घोषणाबाजीबद्दल गुन्हा पण दाखल केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगायला हव्यात. प्रथा आहे म्हणून घोषणा माफ होत नाहीत, आणि घोषणा झाल्या म्हणून प्रथा हल्ला ठरत नाही.

मला यातून जास्त काळजी वाटते ती वेगळीच. मानाची प्रथा तेव्हाच मान असते जेव्हा पायरीवाल्यांनाही ती मान वाटते. तो माड टेकवताना आत बसलेल्याच्या पोटात गोळा येत असेल तर जुनी असली तरी बसून बोलावं लागेल, आणि ते बोलणं राजापूरकरांनीच करायचंय, दिल्लीत बसून व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनी नाही.

१९९३ नंतर विश्वास कसा ठेवायचा?

रागाने विचारला जाणारा प्रश्न हाच. मुंबईत डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला दंगली झाल्या, मग १२ मार्चला बॉम्बस्फोट, अडीचशेच्यावर माणसं गेली. आणि त्याची हत्यारं आणि आरडीएक्स आपल्याच किनाऱ्यावर उतरवली गेली, दिघी आणि शेखाडीला. ही जखम रायगडची पण आहे.

पण खटल्यात पुढे काय सिद्ध झालं ते पण लक्षात ठेवा. शिक्षा झालेल्यांमध्ये पैसे खाऊन डोळेझाक करणारे कस्टमचे अधिकारी आणि पोलीस पण होते, आणि त्यात हिंदू पण होते, मुसलमान पण होते. लोभाला धर्म नसतो. गुन्हेगाराला नावानिशी शिक्षा झाली पाहिजे, पूर्ण झाली पाहिजे, दंगलीतल्याला पण आणि स्फोटातल्याला पण. कायदा जेव्हा माणूस बघून शिक्षा करतो तेव्हा जमातीला जमातीचा सूड घ्यावासा वाटत नाही. तो ढिला पडला की मग चौकातली पोरं स्वतः न्याय करायला निघतात आणि भोगतं कोण, तर ज्याचं दुकान रस्त्यावर आहे तो.

कुणी धर्म बदलला तर? तेही सहन करायचं?

हो, स्वखुशीने बदलला असेल तर. घटनेच्या २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य याच्या अधीन राहून. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्म स्वीकारला, कोकणातल्या कितीतरी वाड्या त्यांच्यामागे गेल्या, तो त्यांचा हक्क होता. पैसे, धमकी, फसवणूक असेल तर तो वेगळा विषय आणि तिथे तक्रार करायलाच हवी. पण माझ्या धर्मात येणारा "घरी परतला" आणि जाणारा "फसला" अशी दोन मापं लावू नका.

लाऊडस्पीकरचं काय करायचं?

सगळ्यांना एकच नियम. रात्री १० ते सकाळी ६ बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. अजान असो, डीजे असो, लग्नाची वरात असो. एकाचाच भोंगा मोजायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा, भांडण इथूनच सुरू होतं.

मी एकटा काय करू शकतो?

बरंच. सणाच्या आधी जी शांतता कमिटीची मीटिंग असते तिथे पोलीस स्टेशनला फोटो काढून येण्यापेक्षा मिरवणुकीची वेळ आणि नमाजाची वेळ एका कागदावर लिहून घ्या, दोन्हीकडच्या सह्या घ्या, आणि तो कागद दोन्हीकडच्या पोरांच्या ग्रुपवर टाका. जमातीच्या अध्यक्षांचा आणि गावकरी मंडळाच्या अध्यक्षांचा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये आहे का बघा, नसेल तर आज घ्या, कारण रात्री अकराला कायतरी झालं की नंबर शोधायला वेळ नसतो. भडक व्हिडिओ आला तर आधी त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावा, कोकणात प्रत्येक गावात कुणाची ना कुणाची आत्या दिलेली असते, दोन फोनमध्ये खरं काय ते कळतं. आणि मुंबईतल्या मंडळींनो, गावच्या ग्रुपवर तुम्ही टाकलेल्या पोस्टची झळ गावात राहणाऱ्यांना बसते, तुम्ही सोमवारी ऑफिसला जाता, इथे लोकांना सकाळी उठून त्याच एसटीत शेजारी बसायचं असतं.